उपचारसाधना शिकायला निघण्यापूर्वी: गुरू आणि शिष्य यांच्यातील मर्यादा

दिवाळी सरली की गोव्यात पेडण्यातील हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यांवर आणि तिकडे काणकोणात पाटणे, आगोंद येथे बांबूच्या झोपड्या उभ्या राहतात आणि त्यांच्याबरोबर योग, रेकी, प्राणिक हीलिंग, सिंगिंग बाउल, श्वसनसाधना असे फलकही लागतात. मी हा अभ्यास सुरू केला तेव्हा या वर्गांना बहुतांशी परदेशी पाहुणे जात असत. आता माझ्याकडे चौकशीला येणाऱ्यांत फोंडा-डिचोलीच्या गृहिणी असतात, नोकरीतून चार दिवस काढून मन शांत करायला आलेले पुण्याचे तरुण असतात आणि कोल्हापूर-बेळगावहून मैत्रिणीबरोबर आलेल्या विशीतल्या मुलीही असतात. ‘कोणती विद्या चांगली?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. ‘ज्याच्याकडून शिकायचे त्याने माझ्याशी कसे वागले पाहिजे?’ हे मात्र क्वचितच कोणी विचारते. हा लेख त्या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते. गुरू आणि शिष्य यांच्या नात्यातील मर्यादा राखण्याची जबाबदारी गुरूची असते. शिष्याने भक्तीने, एकटेपणामुळे किंवा आजाराने थकून गेल्यामुळे ती ओलांडू दिली, तरी ती जबाबदारी शिष्याकडे सरकत नाही. पुढील पायऱ्या पाळता आल्या नाहीत म्हणून कोणी दोषी ठरत नाही. त्या माहीत असल्या तर चुकीची जागा लवकर ओळखू येते आणि तेथून वेळेवर बाहेर पडता येते, एवढाच त्यांचा उपयोग आहे.

पहिली पायरी: आधी विद्या पारखून घ्या

गुरूची चौकशी करणे म्हणजे अश्रद्धा, असे ज्यांना वाटते त्यांनी चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय आठवावा. वैद्यकी शिकू इच्छिणाऱ्याने आधी शास्त्राची परीक्षा करावी, नंतर आचार्याची परीक्षा करावी, असा क्रम तेथे सांगितला आहे. शिष्याची परीक्षा त्यानंतर येते. म्हणजे पारखण्याचा पहिला अधिकार आपल्या परंपरेने शिकणाऱ्याला दिला आहे, आणि तो वापरताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

विद्या पारखायची म्हणजे तिच्यात काय काय करावे लागते आणि काय मुळीच करावे लागत नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी समजून घ्यायचे. माझ्या मते नवख्या माणसाचे सर्वांत मोठे संरक्षण हे ज्ञान आहे, कारण गैरवर्तन बहुतेक वेळा ‘या विद्येत असेच असते’ या वाक्याच्या आडून होते.

रेकी ही जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ साली शिकवायला सुरुवात केलेली, तळहातांवाटे ऊर्जा देण्याची म्हणून ओळखली जाणारी पद्धत आहे. तिच्यात घेणारा माणूस पूर्ण कपडे घालून आडवा होतो किंवा खुर्चीवर बसतो आणि देणारा डोके, खांदे, पोट, गुडघे, पावले अशा ठिकाणी तळवे हलकेच ठेवतो किंवा अंगापासून थोडे वर धरतो. चोळणे, दाबणे, मालिश करणे तिच्यात येत नाही. छाती आणि जननेंद्रिये यांच्या जागी हात टेकवण्याची गरज कधीच नसते, कारण हात वर धरूनही तेच सत्र पूर्ण होते. दीक्षेच्या वेळी शिक्षक शिष्याच्या डोक्याजवळ आणि तळहातांजवळ काही हालचाली करतात. तेव्हाही शिष्य कपड्यांत, बसलेला असतो. प्राणिक हीलिंग ही फिलिपिन्समधील चोआ कोक सुई यांनी रुजवलेली पद्धत तर स्पर्शाविनाच करायची असते. त्यामुळे प्राणिक हीलिंगच्या नावाखाली कोणी अंगाला हात लावू लागला, तर तो त्या पद्धतीच्या मूळ नियमाबाहेर गेला, हे पहिल्याच क्षणी ओळखता येते. सिंगिंग बाउलच्या सत्रात नाद देणारा धातूचा वाडगा कधीकधी पोटावर किंवा पाठीवर ठेवतात, पण तो कपड्यांवरून आणि विचारून. योगवर्गात आसन सुधारण्यासाठी शिक्षक हात लावतात. तो प्रश्न अधिक गुंतागुंतीचा असल्याने त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

रेकीतील ऊर्जा कोणत्याही यंत्राने मोजता आलेली नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. मी स्वतः रेकी देते आणि तिने मिळणारी विश्रांती मला मोलाची वाटते. परंतु जे मोजता येत नाही त्याविषयी शिक्षक जे सांगेल तेच प्रमाण मानावे लागते, आणि म्हणूनच या क्षेत्रात शिक्षकाचा शब्द शाळेतल्या मास्तरांच्या शब्दापेक्षा कितीतरी जड होतो. ‘तुमचे चक्र बंद आहे’ हे विधान शिष्याला तपासून पाहता येत नाही. ही असमानता विद्येच्या स्वरूपातच आहे, आणि मर्यादांचा सगळा विचार तिच्यापासून सुरू होतो.

दुसरी पायरी: जूनमध्ये हा माणूस कोठे असेल, ते विचारा

आपल्या गावांत दिष्ट काढणारी एखादी म्हातारी असते. मीठ-मिरच्या ओवाळताना ती बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीवर, चार माणसांसमोर बसते. देवळात कौल लावतात तोही उघड्यावर, मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांकडे सगळ्यांचे डोळे असताना लावतात. या प्रथांवर विश्वास ठेवावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मला त्यांतली एकच गोष्ट येथे महत्त्वाची वाटते. ती म्हातारी उद्याही त्याच गावात राहणार असते. तिची सून, तिचे शेजारी, देवस्थानचे महाजन सगळे तिला ओळखतात, आणि तिने काही वावगे केले तर ती तोंड लपवून जाऊ शकत नाही.

किनाऱ्यावरील हंगामी शिबिराचे तसे नसते. पावसाळ्यापूर्वी झोपड्या मोडून ठेवाव्या लागतात. ज्या जागेत दीक्षा घेतली ती जागाच जूनमध्ये शिल्लक नसते, आणि शिक्षक तोवर हिमाचलातील धर्मशाळेला, बालीला किंवा आपल्या देशात गेलेला असतो. याचा अर्थ हंगामी शिक्षक वाईट असतात असा नाही. त्यांच्यापैकी काहींकडून मी स्वतः पुष्कळ शिकले आहे. मात्र गाव जे उत्तरदायित्व आपोआप निर्माण करते ते येथे नसल्यामुळे शिकणाऱ्याला ते चौकशी करून निर्माण करावे लागते.

म्हणून शिक्षकाचे खरे नाव आणि कायमचा पत्ता विचारा. ‘स्वामी’, ‘मा’, ‘मास्टर’ अशा उपाधींवर थांबू नका. तो कोणाकडे शिकला, किती दिवस शिकला आणि आजही कोणाला उत्तर देण्यास बांधलेला आहे, हे विचारा. प्रमाणपत्राचा अर्थही नीट समजून घ्या. आयुर्वेद, होमिओपॅथी यांच्या वैद्यांची नोंदणी शासनमान्य परिषदेकडे होते आणि तिच्याकडे तक्रार करता येते; पेडण्यात धारगळ येथे २०२२ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेसारख्या ठिकाणी काम करणारे वैद्य अशा चौकटीत येतात. योगशिक्षकांसाठी आयुष मंत्रालयाचे योग प्रमाणीकरण मंडळ आहे. रेकी मात्र आयुषच्या मान्यताप्राप्त पद्धतींत नाही आणि तिच्यासाठी शासकीय परवाना नसतो. ‘रेकी मास्टर’ हे प्रमाणपत्र शिक्षक आपल्या शिष्याला स्वतःच देतो. परदेशी संस्थेचे बोधचिन्ह असलेला दोनशे तासांचा योगशिक्षक अभ्यासक्रम पूर्ण झाला म्हणजे इतके तास भरले एवढेच सिद्ध होते. शिक्षकाच्या आचरणाविषयी त्यातून काही कळत नाही.

याहून उपयोगी चौकशी माणसांकडून होते. आधीच्या दोन-तीन शिष्यांशी बोला आणि त्यांत अर्धवट सोडून गेलेला एक तरी असू द्या. सोडून गेलेल्या शिष्याविषयी शिक्षक कसे बोलतो, हे ऐकण्यासारखे असते. ‘तिचे कर्म आड आले’, ‘त्याचा अहंकार मोठा होता’ अशी उत्तरे प्रत्येक सोडून गेलेल्याविषयी येऊ लागली, तर उद्या तुम्ही निघालात की तुमच्याविषयी काय सांगितले जाईल ते तुम्हाला आजच कळले.

तिसरी पायरी: पाच गोष्टी लिहून घ्या

शुल्क किती, किती दिवस, कोणत्या जागी, सत्रात कोणकोण हजर असेल आणि मध्येच सोडल्यास पैसे परत मिळणार की नाही, या पाच गोष्टी व्हॉट्सॲपवर का होईना, लिखित घ्याव्यात. पैसे दिल्यावर पावती मागावी. शुल्काऐवजी ‘दक्षिणा द्या’ असे सांगितले जाते तेव्हा अनेकांना ते अधिक सात्त्विक वाटते. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा मोबदला घेऊन दिलेल्या सेवेला लागू होतो, आणि तुम्ही दिलेली रक्कम ही भेट होती असे नंतर म्हटले गेले तर तुमची बाजू कमकुवत होते. नीट काम करणाऱ्या शिक्षकाला पावती देताना अपमान वाटत नाही.

चौथी पायरी: स्पर्शाविषयी आधी बोलून घ्या

योगवर्गात स्पर्शाचा प्रश्न अवघड होतो, कारण तेथे स्पर्शाला खरोखर जागा असते. त्रिकोणासनात खांदा मागे वळवण्यासाठी दोन बोटे पुरतात, आणि ती दोन बोटे शंभर शब्दांचे काम करतात. तरीही माझ्या वर्गात मी गेली काही वर्षे हात लावण्यापूर्वी विचारते आणि प्रत्येक वेळी विचारते. पहिल्या दिवशी दिलेला होकार तिसऱ्या दिवशी गृहीत धरता येत नाही. शवासनात डोळे मिटून पडलेल्या माणसाला तर मी हात लावतच नाही, कारण त्या वेळी तो नकार देण्याच्या अवस्थेत नसतो. काही शाळांत चटईच्या कोपऱ्यात एक चकती ठेवण्याची पद्धत आहे. एक बाजू वर असेल तर स्पर्श चालेल, दुसरी असेल तर नको. सर्वांसमोर बोलायला संकोचणाऱ्यांसाठी ही सोय फार चांगली आहे.

शिकणाऱ्याने यातून एक सोपी चाचणी काढावी. पहिल्या किंवा दुसऱ्याच दिवशी एखाद्या लहानशा गोष्टीला नम्रपणे नकार द्यावा. ‘आज मला हात न लावता सांगाल का?’ एवढे वाक्य पुरे. चांगला शिक्षक ‘हो’ म्हणतो आणि पुढे जातो. त्या नकाराचा पुन्हा उल्लेखही करत नाही. जो शिक्षक कारण विचारतो, दुखावल्याचे दाखवतो, ‘तुमच्या शरीरात भीती साठलेली आहे, ती सोडायला हवी’ असे सांगतो किंवा इतरांसमोर तुम्हाला ‘बंद मनाचे’ ठरवतो, त्याच्याकडे मोठा नकार देण्याची वेळ येईपर्यंत थांबू नये.

मी ही चाचणी फार उशिरा शिकले. पंचविशीत असताना किनाऱ्यावरच्या एका शिबिरात मला एकटीला संध्याकाळच्या ‘विशेष शुद्धीकरणा’साठी बोलावले गेले. खोलीचे दार आतून लावले गेले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो ‘मी शंका घेतली तर माझी साधना अपुरी ठरेल’ असा. त्या शिक्षकाने खांद्यांवरून हात खाली आणायला सुरुवात केल्यावर मी उठून दार उघडले आणि बाहेर आले. पुढे काही झाले नाही, पण कित्येक महिने मी स्वतःलाच विचारत राहिले, की चूक माझ्या समजुतीत तर नव्हती? त्या काळात मला कोणीतरी एवढेच सांगायला हवे होते, की तुला जे वाटले ते खरे होते.

तेव्हापासून मी नवीन साधकांना सांगत आले आहे, की एकट्याचे सत्र असेल तर दार लावलेले असले तरी कडी घातलेली नसावी, ओळखीचे एक माणूस हाकेच्या अंतरावर असावे, आणि रात्री उशिराचे, राहत्या खोलीतले किंवा आयत्या वेळी ठरलेले सत्र घेऊ नये. सोबत कोणी आले तर ‘ऊर्जा बिघडते’ असे सांगणाऱ्याकडे सत्र घेऊच नये. प्रस्थापित पद्धतींत रेकी आईच्या कुशीतल्या बाळालाही देतात आणि गर्दीच्या हॉलमध्येही देतात. दुसऱ्या माणसाच्या उपस्थितीने ती बिघडते असा नियम त्यांत नाही.

पाचवी पायरी: मन मोकळे होते तेव्हा विशेष जपा

उपचाराच्या सत्रांत माणसे रडतात. वर्षानुवर्षे दाबलेले दुःख, नवऱ्याशी असलेला अबोला, आईच्या मृत्यूनंतर न आलेले अश्रू शांत खोलीत कोणी डोक्यावर हात ठेवल्याबरोबर बाहेर येतात. हे स्वाभाविक आणि पुष्कळदा हितकारक असते. पण ज्याच्यासमोर मन मोकळे झाले त्याच्याविषयी अतिशय ओढ वाटू लागते, तोच आपल्याला समजू शकतो असे वाटते, आणि या भावनेला प्रेम किंवा पूर्वजन्मीचे नाते समजण्याची चूक सहज होते. मानसोपचाराच्या क्षेत्रात ही ओढ इतकी परिचित आहे, की अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या आचारसंहितेत उपचार चालू असताना शारीरिक संबंधांना पूर्ण बंदी आहेच, शिवाय उपचार संपल्यानंतरही किमान २ वर्षे ती लागू राहते. शिष्याने स्वतः पुढाकार घेतला तरी शिक्षकाने नकार द्यायचा असतो. अशी ओढ वाटणाऱ्या साधकाला लाज वाटण्याचे कारण नाही. तिचा फायदा घेणाऱ्याने मात्र आपल्या विद्येचाच उपयोग शस्त्रासारखा केलेला असतो.

याच ठिकाणी गुपितांचा प्रश्न येतो. सत्रात सांगितलेली गोष्ट शिक्षकाने पुढच्या वर्गात उदाहरण म्हणून, नाव न घेताही, सांगू नये. गोवा लहान आहे. ‘फोंड्याच्या एका शिक्षिकेचे’ असे म्हटले की निम्म्या लोकांना नाव कळते. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत ही शपथ चरकाने शिष्याला घ्यायला लावली आहे. म्हणून तुमच्यासमोर इतरांची दुःखे सांगणाऱ्या शिक्षकाला स्वतःचे दुःख सांगू नका. उलट बाजूही लक्षात घ्या: शिक्षक स्वतःच्या संसाराची, एकटेपणाची गाऱ्हाणी तुम्हाला सांगू लागला आणि ‘हे फक्त तुलाच सांगतो’ असे म्हणू लागला, तर नात्याची दिशा बदललेली असते. आता तुम्ही त्याला सांभाळू लागलेल्या असता.

हळूहळू तोडणे हे सर्वांत धोक्याचे लक्षण होय. ‘घरच्यांची स्पंदने जड आहेत’, ‘त्या मैत्रिणीमुळे तुझी प्रगती थांबली’, ‘दुसऱ्या गुरूकडे गेलीस तर दीक्षा निष्फळ होईल’ ही वाक्ये एकेकटी ऐकली तर किरकोळ वाटतात. पण काही महिन्यांनी साधकाला सल्ला विचारायला दुसरे कोणीच उरत नाही. त्यानंतर होणारा प्रत्येक त्रास ‘शुद्धीकरण चालू आहे’ या एका उत्तरात बसवला जातो. डोके दुखले तर शुद्धीकरण, झोप उडाली तर शुद्धीकरण, शिक्षकाची शिसारी आली तर तेही शुद्धीकरण. ज्या शिकवणीत ‘हे चुकते आहे’ असे म्हणायला जागाच ठेवलेली नाही, तेथून निघून यावे.

हे फक्त लहान शिबिरांत घडते असे समजू नये. ब्राझीलमधील आबादियानिया गावी ‘जॉन ऑफ गॉड’ या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या उपचारकाकडे अनेक देशांतून दशकानुदशके माणसे जात होती. २०१८ च्या अखेरीस शेकडो स्त्रिया पुढे आल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला बलात्काराच्या गुन्ह्यांत दीर्घ कारावासाची शिक्षा दिली. प्रसिद्धी, गर्दी आणि बरे झालेल्यांच्या कहाण्या यांतून कोणाचीही सुरक्षितता सिद्ध होत नाही.

सहावी पायरी: सेवा आणि पैसा

गुरूच्या घरी पाणी भरण्याच्या कथा ऐकत आपण वाढलो, त्यामुळे सेवेला मर्यादा असते हे आपल्याला सुचत नाही. शिबिर संपल्यावर सर्वांनी मिळून चटया उचलणे ही सेवा आहे. पगाराच्या माणसाचे काम महिनोन्‌महिने फुकट करून घेणे आणि त्याला साधना म्हणणे, ही पिळवणूक आहे. या बाबतीत मी स्वतःही चुकले आहे. माझी एक विद्यार्थिनी आधी कधीतरी नारळ आणि मासळी आणून देत असे, मग माझी बँकेची कामे करू लागली, मग माझ्या मुलाला शाळेतून आणू लागली. ती आनंदाने करते असे मी समजत होते. एके दिवशी तिच्या सासूबाईंनी मला विचारले, “बाई, तिचे शिकणे झाले की सांगाल ना? घरात कामाला माणूस नाही.” मी त्याच दिवशी ते सगळे थांबवले आणि तिची क्षमा मागितली. ‘नाही’ म्हणणे तिला शक्य नव्हते, हे ओळखणे माझे काम होते.

पैशाच्या बाबतीत एवढे पाहावे, की पुढच्या पायरीची घाई कोण करतो आहे. रेकीच्या पहिल्या आणि दुसऱ्या पायरीत काही महिन्यांचा सराव असावा, असे मी मानते. शनिवार-रविवारी दोन्ही पायऱ्या आणि पुढच्या आठवड्यात मास्टर, हा व्यापार आहे. फार मोठे शुल्क हे विद्येच्या पावित्र्याचे लक्षण आहे, असेही सांगितले जाते. त्याचे मूळ शोधले तर ते कोणत्याही शास्त्रात सापडत नाही: ही पद्धत अमेरिकेत रुजवणाऱ्या हवायो ताकाता मास्टरच्या दीक्षेसाठी १० हजार डॉलर घेत असत, आणि त्या रकमेची कथा पुढे परंपरा बनली. शिक्षकाला उसने पैसे देणे, त्याच्या प्रकल्पात गुंतवणे, त्याच्यासाठी कर्ज काढणे या गोष्टी शिष्य असेपर्यंत पूर्णपणे टाळाव्यात.

सातवी पायरी: औषधे चालू ठेवा

शिक्षकाने कोणतेही औषध थांबवायला सांगितले, तर ती मर्यादा ओलांडली गेली असे समजा, मग ते औषध रक्तदाबाचे असो, मधुमेहाचे असो किंवा नैराश्याचे. औषधाविषयी शंका असेल तर डॉक्टरांनाच विचारावी. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ आहे आणि तेथेच मनोरुग्णांसाठीची संस्थाही आहे. मंत्र, ताईत किंवा तत्सम उपायाने कर्करोग, मधुमेह, अपस्मार असे आजार बरे होतात अशी जाहिरात करणे हा १९५४ च्या औषधे व जादूई उपचार कायद्याखाली गुन्हा आहे. दीर्घ श्वसनसाधना किंवा मौनाच्या शिबिरात झोप पूर्ण उडणे, आवाज ऐकू येणे, स्वतःला इजा करण्याचे विचार येणे असे काही झाले, तर साधना थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. ‘टेलि-मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आठवी पायरी: मुलांना एकटे पाठवू नका

अठरा वर्षांखालील मुलाला एकट्याच्या सत्रासाठी बंद खोलीत पाठवू नये. पालकाने तेथेच बसावे. परीक्षेची भीती घालवायला किंवा ‘बाधा’ काढायला मुलीला आत ठेवून आई-वडिलांना बाहेर बसवण्याची पद्धत मी स्वतः पाहिली आहे, आणि तिचे कोणतेही समर्थन मला मान्य नाही. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी असलेल्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. गोव्यात २००३ चा स्वतंत्र बाल कायदा आणि त्याखालील बाल न्यायालयही आहे. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.

नववी पायरी: काही घडलेच तर

आधी सुरक्षित जागी जा आणि विश्वासातल्या एका माणसाला सांगा. त्याच दिवशी काय, कोठे, किती वाजता घडले आणि तेव्हा आसपास कोण होते, हे स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा. संदेश पुसू नका. शिक्षकाला एकट्याने जाब विचारायला जाऊ नका, कारण तुमचे मन कोठे हळवे आहे हे त्याला तुमच्याहून चांगले माहीत असते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ मध्ये शिक्षकाने किंवा विश्वासाच्या, अधिकाराच्या स्थानावरील माणसाने केलेल्या बलात्काराला किमान १० वर्षांची शिक्षा आहे. आणि जेथे बलात्कार सिद्ध होत नाही, पण अधिकाराचा किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरवापर करून आपल्या ताब्यातील अथवा देखरेखीखालील स्त्रीला शरीरसंबंधास प्रवृत्त केलेले असते, तेथे कलम ६८ लागू होऊ शकते. ‘तिने होकार दिला होता’ या एका वाक्यावर सगळे संपत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. शिबिर संपवून तुम्ही कोल्हापूरला परतला असाल तरी तेथील पोलीस ठाण्यात माहिती नोंदवता येते. ती गोव्यातील ठाण्याकडे पाठवली जाते. संकटाच्या क्षणी ११२, महिलांसाठी १८१. शिबिर ही कोणाची तरी कामाची जागा असते, म्हणून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही स्त्री शिष्यांच्या उपयोगाचा ठरू शकतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या जागेसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, मात्र ती सामान्यतः ३ महिन्यांच्या आत करावी लागते. तो कायदा स्त्रियांपुरता आहे; पण छळ पुरुष साधकांचाही होतो, आणि छळ करणारी शिक्षिकाही असू शकते. अशा पुरुषांनी गप्प न राहता वकिलाचा सल्ला घ्यावा.

तक्रार करायची नाही असे तुम्ही ठरवले, तर तो निर्णयही तुमचाच आहे. निघून येण्यासाठी मात्र पुरावा लागत नाही. दीक्षा ‘परत घेतली’ जाईल, शाप लागेल, शिकलेले नष्ट होईल अशी भीती घातली जाते. तुमच्या तळहातांना जे येते ते सरावाने आलेले असते आणि तुम्ही कोठेही गेलात तरी तुमच्याबरोबरच राहते.

शेवटची पायरी: तुम्ही स्वतः देऊ लागाल तेव्हा

रेकीची दुसरी पायरी झाली की शेजारची काकी गुडघे दुखतात म्हणून येते, मग तिची भाची येते, आणि काही आठवड्यांतच तुम्ही अशा खोलीत बसलेले असता जेथे समोरचे माणूस डोळे मिटून आडवे झाले आहे आणि अधिकार तुमच्याकडे आला आहे. येथपर्यंत लिहिलेले सगळे त्या क्षणापासून उलट दिशेने तुम्हाला लागू होते. हात ठेवण्यापूर्वी विचारा. ऐकलेले कोणालाही, घरातसुद्धा, सांगू नका. बरे वाटेल असे वचन देऊ नका. समोरच्या माणसाविषयी तुमच्याच मनात ओढ निर्माण झाली तर सत्रे थांबवून त्याला दुसऱ्याकडे पाठवा आणि एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याशी बोला.

सुश्रुतसंहितेत शिष्याच्या उपनयनाच्या वेळी शिष्याला नियम सांगून झाल्यावर आचार्य स्वतःलाही बांधून घेतो: तू नीट वागत असताना मी तुझ्याशी अन्यथा वागलो, तर मी पापाचा धनी होईन आणि माझी विद्या निष्फळ होईल. माझ्याकडे दीक्षेच्या दिवशी आम्ही एक कागद करतो. त्यावर मी काय करणार नाही हे आधी लिहिलेले असते, खाली माझी सही असते आणि तक्रार असल्यास माझ्या ओळखीतल्या, पण माझ्यावर अवलंबून नसलेल्या एका ज्येष्ठ बाईंचा फोन क्रमांक असतो. तो कागद शिष्य घरी नेतो. त्याच्याकडून मी कोणतीही सही घेत नाही.